वानराने शिकवले, असे सांगतात: कुंग फू, कुस्ती आणि मल्लखांब

#इतिहास #धागा

१/
जुना मुंबई-पुणे महामार्ग बोरघाट उतरून खोपोलीत येतो, तिथे शिळफाटा लागतो. उन्हाळ्यात घाटातील झाडी वाळली की वानरांची टोळी वस्तीत उतरते आणि घरांच्या पत्र्यांवरून धडधडत जाते. अशाच एका दुपारी, फाट्याजवळच्या एका घरात, नातू आजोबांना मोबाइलवरील चित्रफीत दाखवीत होता. तीत एक मुंडन केलेला भिक्षू कधी वाघासारखा पंजा उगारी, कधी क्रौंचासारखा एका पायावर उभा राही. खाली मजकूर होता: कुंग फू मूळचे भारतीय, बोधिधर्माने प्राण्यांचे निरीक्षण करून ते चीनला शिकवले. हजारो लोकांनी तो पुढे धाडला होता. नातवाचाही अंगठा त्याच बटणावर होता.

२/
"आजोबा, म्हणजे कुंग फू आपलंच की!" नातू म्हणाला.
आजोबा तरुणपणी जत्रांच्या फडात कुस्त्या खेळलेले. कान मोडलेले, बोटे जाड. त्यांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली आणि विचारले, "असेल बाबा. पण वस्ताद कोण होता? त्याचा वस्ताद कोण? ते लिहिलंय का खाली?"
ते लिहिलेले नव्हते. नातवाने चित्रफीत त्या दिवशी पुढे धाडली नाही.
लढण्याची विद्या प्राण्याने शिकवली, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा शिकवणाऱ्या माणसाचे काय होते? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

३/
आधी चीन. प्राण्यांच्या हालचालींचे अनुकरण तिथे फार प्राचीन आहे. पण त्याचा जुना पुरावा वैद्यकात सापडतो, लढाईत नाही. हुनान प्रांतातील मावांगडुई येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेले एक थडगे १९७३ साली उघडण्यात आले. त्यात रेशमावर रंगवलेला एक पट मिळाला. त्यावर व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या ४४ आकृती आहेत आणि काही आकृतींना अस्वल, क्रौंच अशा प्राण्यांची नावे दिलेली आहेत. या हालचालींचा हेतू शरीर निरोगी राखणे हा होता. समोर कोणी शत्रू नव्हता.

४/
पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात हुआ तुओ नावाचा प्रसिद्ध वैद्य होऊन गेला. त्याने 'पाच प्राण्यांचा खेळ' शिकवला, असे जुने चिनी इतिहासग्रंथ नोंदवतात. ते पाच प्राणी म्हणजे वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी. हाही व्यायामच, घाम यावा, अन्न पचावे, सांधे मोकळे राहावेत, यासाठी.
आपल्याकडील हठयोगाशी याचे साम्य सहज दिसते. १५व्या शतकातील 'हठप्रदीपिके'त मयूरासन, कुक्कुटासन आणि कूर्मासन आहे. मोर, कोंबडा, कासव यांची नावे धारण करणाऱ्या या आसनांनी कोणी कोणाला चीत करीत नाही.

५/
लढाईच्या विद्येत ही नावे स्पष्टपणे दिसतात ती १६व्या शतकात. मिंग राजवटीचा सेनापती छी जिगुआंग किनारपट्टीवरील चाच्यांशी लढत होता. त्याने सैनिकांच्या प्रशिक्षणावर लिहिलेल्या ग्रंथात तत्कालीन मुष्टिविद्येच्या प्रकारांची यादी येते. तीत 'वानरमुष्टी' आहे आणि 'गरुडपंजा' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या वांग नावाच्या लढवय्याच्या पकडींचाही उल्लेख आहे.
विशेष म्हणजे मोठ्या रणात निःशस्त्र विद्येचा फारसा उपयोग नाही, असे हाच सेनापती सांगतो. हातपाय चपळ व्हावेत, शस्त्रविद्येचा पाया घातला जावा, एवढ्यासाठी त्याला ती हवी होती.

६/
मग शाओलिन? हा मठ इ.स. ४९५च्या सुमारास हनान प्रांतात स्थापन झाला. चिनी परंपरेनुसार तो ज्या भिक्षूसाठी बांधला गेला, तो बातुओ भारतातून आलेला होता. एवढा भारतीय धागा तिथे खरोखर आहे.
इ.स. ६२१ मध्ये मठातील भिक्षूंनी ली शिमिन या तांग राजपुत्राला युद्धात मदत केली; ७२८ सालच्या शिलालेखाने ती स्मृती जपली आहे. मिंग काळात शाओलिनची कीर्ती पसरली ती मुख्यतः लाठीच्या विद्येमुळे. सुमारे १६१०च्या आसपास चेंग झोंगयोऊ याने शाओलिनच्या लाठीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो स्वतः त्या मठात राहून शिकला होता.

७/
बोधिधर्माचे काय? त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ५४७च्या सुमारास लिहिलेल्या, लुओयांग नगरीतील विहारांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात आहे. तिथे तो एक वृद्ध भिक्षू म्हणून येतो आणि एका भव्य विहाराचे सौंदर्य पाहून हात जोडतो. लढण्याचे नाव नाही.
त्याला व्यायामविद्येशी जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ १६२४ सालचा आहे, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. त्याच्या प्रस्तावना जुन्या असल्याचे भासवण्यात आले. पण त्यांतील कालविपर्यास १८व्या शतकातील चिनी पंडित लिंग थिंगखान यानेच पकडला. १९३० साली थांग हाओ या संशोधकाने शाओलिनविषयीच्या साऱ्या आख्यायिका पुन्हा तपासल्या. बोधिधर्म कुंग फूचा जनक ठरला नाही.

८/
शाओलिनचे म्हणून सांगितले जाणारे पाच प्राणी, म्हणजे ड्रॅगन, साप, वाघ, बिबट्या आणि क्रौंच, यांची प्रचलित कथा लोकप्रिय केली ती १९१५ साली शांघायमध्ये छापलेल्या एका पुस्तकाने. थांग हाओने त्याचीही चिकित्सा केली.
याचा अर्थ चीनमध्ये प्राणिशैली नव्हत्या, असा मुळीच नाही. त्या होत्या आणि आहेत. वाघाच्या शैलीत पंजाची पकड आणि सरळ रेटा, सापाच्या शैलीत बोटांच्या टोकांनी मर्मावर आघात, क्रौंचाच्या शैलीत अंतर राखणे आणि एका पायावरचा तोल, वानराच्या शैलीत खाली झुकून लोळण घेणे आणि हुलकावणी. कला जुनी आहे, तिची प्रसिद्ध जन्मकथा मात्र बरीच नवी.

९/
या जन्मकथांची घडण एकसारखी असते. शानदोंगमधील वांग लांग लढतीत हरतो. मग पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणारा प्रार्थनाकीटक दुसऱ्या किड्याला कसा पकडतो, हे त्याला दिसते आणि त्यातून नवी शैली जन्मते. फुजियान प्रांतात फांग छीन्यांग नावाची स्त्री क्रौंचाला हुसकावू पाहते, पण काठीचा एकही वार त्याला लागत नाही. त्यातून 'शुभ्र क्रौंच' शैली निघते, असे सांगतात.
पराभव किंवा पेच, एकांत, प्राण्याचे दर्शन, मग विजय. ही चार पावले लक्षात ठेवावीत. कारण हीच कथा, जवळजवळ याच क्रमाने, मराठीत आहे.

१०/
दुसऱ्या बाजीरावाचा काळ, म्हणजे १७९६ ते १८१८. परंपरा सांगते की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागितली. तो वणीच्या सप्तशृंगीला गेला. तिथे त्याला मारुतीने दृष्टान्त दिला, आणि वानराच्या रूपात लाकडी खांबावर पेच करून दाखवले. देवधर परतला, त्याने गुलाबला हरवले, आणि अलीने लढत न देताच माघार घेतली. मल्लखांबाची ही जन्मकथा आजही तालमींत सांगितली जाते.

११/
चिनी कथांशी साम्य उघड आहे. पण एक भेदही आहे. वांग लांग किड्याला पाहतो. तो किडा त्याला शिकवीत नाही, त्याला माणूस तिथे आहे हेही ठाऊक नसते. देवधराच्या कथेतील वानर मात्र देव आहे. तो स्वतः येतो, दाखवतो, प्रसन्न होतो. एकीकडे निरीक्षण, दुसरीकडे कृपा.
मराठी माणसाला हा देव अपरिचित नव्हता. गावाच्या वेशीवर मारुती, तालमीच्या कोनाड्यात मारुती. लाल मातीत उतरण्याआधी पहिला नमस्कार त्याला. त्यामुळे विद्येचे श्रेय त्याच्याकडे जाणे स्वाभाविक होते.

१२/
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ १२व्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात मल्लविनोदाचे सविस्तर वर्णन आहे. मल्लांचे वय व बळ यांनुसार वर्ग, आहार, सराव, साऱ्याची नोंद आहे. मल्लाने खांबावर सराव करण्याचा जुना दाखलाही याच ग्रंथातला मानला जातो.
म्हणजे खांब देवधरांच्या आधी किमान साडेसहाशे वर्षे होता. मग वानराने काय शिकवले? देवधरांनी जुन्या साधनाचे रूपांतर एका पद्धतशीर विद्येत केले, असे म्हणणे अधिक योग्य. दृष्टान्ताची कथा त्या परिश्रमावर नंतर चढलेले शेंदराचे लेपन आहे. आतला दगड माणसाने घडवलेला आहे.

१३/
कुस्तीकडे वळले तर प्राणी आणखी जवळ येतात. आपल्या परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगतात: भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनी कुस्तीत बळाला महत्त्व. हनुमंतीत डाव, चपळाई आणि युक्ती. कमी बळाचा मल्लही तिच्या आधारे मोठ्याला लोळवू शकतो. जांबुवंतीत हातापायांनी असे जखडायचे की प्रतिस्पर्धी हलूच नये. जरासंधीत सांधे मोडण्यापर्यंत मजल.
चारांपैकी दोन नावे एका वानराची आणि एका अस्वलाची. भारतीय प्राणिशैली शोधायच्याच असतील, तर बोधिधर्मापर्यंत जाण्याची गरज नाही. त्या गावच्या तालमीत आहेत.

१४/
पण हे प्राणी जंगलातले नव्हेत, कथेतले आहेत. भागवतात जांबवान स्यमंतक मण्यासाठी श्रीकृष्णाशी २८ दिवस झुंजतो. अस्वलाची मिठी आणि न सुटणारी चिकाटी, हे दोन्ही त्या एका नावात आले. रामायणात समुद्रकाठी सारे वानर हताश होऊन बसले असताना, हनुमंताला त्याच्या विसरलेल्या बळाची आठवण करून देतो तोही जांबवानच.
हे दृश्य कोणत्याही तालमीत रोज घडते. थकलेला पोरगा मातीत बसलेला असतो आणि कडेला उभा असलेला म्हातारा त्याला सांगतो, ऊठ, तुला येते. कथेतील अस्वल त्या अर्थाने वस्तादच आहे.

१५/
प्राण्याचे नाव शस्त्रातही शिरले. वाघनख आणि बिचवा ही दोन शस्त्रे प्रत्येकाला ठाऊक असतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीत शिवरायांनी ही दोन्ही शस्त्रे वापरल्याचे सभासद बखर सांगते. एक वाघाच्या नखांचे, दुसरे विंचवाच्या नांगीचे रूप. मर्दानी खेळात काळविटाच्या शिंगांचे माडूही आहे.
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली. ती त्याच भेटीत वापरली गेली, हे पडताळून पाहता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. वस्तूसमोर नतमस्तक व्हावे. तिच्याविषयीचे विधान मात्र तपासूनच करावे.

१६/
आणि नाव पदवीतही शिरले. यासाठी शिळफाट्यापासून फार दूर जावे लागत नाही. खोपोलीहून पालीच्या वाटेने गेले की चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी उंबरखिंडीचे स्मारक आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाने धाडलेला कारतलबखान सह्याद्री उतरून कोकणात जाऊ पाहत होता. दाट अरण्यात, अरुंद वाटेवर, शिवरायांच्या सैन्याने त्याची पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा अडवल्या. पाणी नाही, हालचालीला जागा नाही. अखेर खंडणी आणि सामान देऊन त्याने प्राण वाचवले.
या कोंडलेल्या सैन्यात एक वाघीण होती.

१७/
ती म्हणजे माहूरची देशमुखीण रायबाघन. हे नाव म्हणजे तिच्या शौर्यासाठी मुघल दरबाराने दिलेली पदवी. उंबरखिंडीत तिने काय केले? परमानंदाच्या 'शिवभारता'त ती कारतलबखानाला त्याची चूक स्पष्टपणे सुनावते आणि शरण जाण्याचा सल्ला देते. खानाने तो ऐकला आणि सैन्य जिवंत परतले.
पदवी वाघिणीची, पण त्या दिवशी कामी आले ते माणसाचे शहाणपण. डरकाळी कधी फोडायची नाही, हे तिला कळत होते. प्राण्याचे नाव शौर्य सांगते. निर्णय मात्र ते नाव धारण करणारी व्यक्ती घेते.

१८/
आता मल्लखांबाकडे परत यावे आणि एक साधी गोष्ट करावी: त्याची परिभाषा वाचावी. सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा, ताजवा.
हातांच्या कड्यातून अख्खे शरीर ओवून काढायचे, तो सुईदोरा. खांबाभोवती वळसे घेत चढायचे, ती वेल. खांबाच्या टोकावर शरीर तराजूसारखे तोलायचे, तो ताजवा. कुस्तीतही धोबीपछाड आहे, मोळी आहे. मच्छीगोत्यासारखे एखादे प्राण्याचे नाव अधूनमधून येते, इतकेच.
जी विद्या वानराने शिकवली म्हणतात, तिच्या शब्दांत वानर फारसा नाही. तिथे शिंपी आहे, वाणी आहे, धोबी आहे, लाकडाची मोळी बांधणारा आहे.

१९/
जन्मकथा देवाची आणि परिभाषा बारा बलुतेदारांच्या जगातली. इतिहासाच्या दृष्टीने परिभाषा हा अधिक विश्वासू साक्षीदार आहे. कथा कोणीही रचू शकतो. पण रोज शंभर वेळा उच्चारला जाणारा शब्द शिकवणाऱ्याच्या तोंडून, त्याच्या घरातून आणि आळीतून येतो.
चीनमध्येही हेच दिसते. थाय ची या प्रकारात 'चिमणीचे शेपूट धरणे' अशी हालचाल आहे, आणि 'पिपा वाजवणे' अशीही. पिपा हे तंतुवाद्य आहे. चिमणीइतकाच वादकही तिथे हजर आहे.

२०/
मग अशी नावे का देतात? कारण लढण्याची विद्या बहुतांश काळ कागदावाचून चालली. लिहिता न येणाऱ्या मुलाला सांध्यांचे कोन आणि भार सांगून काही उमजत नाही. 'वृश्चिक दंड' म्हटले की मागचा पाय नांगीसारखा वर उचलायचा, हे एका शब्दात कळते. 'हनुमान दंड' म्हटले की पाय झेप घेतल्यासारखा पुढे येतो. नाव म्हणजे थोडक्यात दिलेली सूचना, आणि ती पन्नास वर्षांनीही विसरत नाही.
माणसाला शेपूट नाही. तो वानरासारखा लढू शकत नाही. वानराची आठवण ठेवून स्वतःच्या शरीराने लढू शकतो.

२१/
या साधेपणाला एक किंमतही आहे. प्राणी लक्षात राहतो, माणूस विसरला जातो. देवधरांचे नाव टिकले. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव तालमीबाहेर किती जणांना ठाऊक आहे? १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेला, त्याबरोबर ही विद्याही उत्तरेत गेली. बडोद्यात जुम्मादादा आणि पुढे प्रा. माणिकराव यांनी ती जपली. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी १९३६पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे १० खंड प्रसिद्ध केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली.

२२/
दादरच्या शिवाजी पार्कवर फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशी मुलामुलींनी त्याच खांबावर अढी घातली. तेथील श्री समर्थ व्यायाम मंदिरात अनेक वर्षे शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.
या साखळीतील प्रत्येक कडी हा एक माणूस आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावरून घसरणाऱ्या मुलाला त्याने खालून हात दिला आहे. 'हे सारे वानराने शिकवले' किंवा 'हे सारे आमच्याकडूनच गेले' असे एका वाक्यात म्हटले, की ही साखळी त्या वाक्याखाली गाडली जाते. अभिमानाला मग धड आधारही उरत नाही. कारण बोधिधर्माविषयीचे वाक्य पहिल्याच तपासणीत कोसळते.

२३/
म्हणून आख्यायिका टाकून द्यावी का? नाही. ती समाजाला काय प्रिय होते, हे सांगते. चिनी माणसाला निरीक्षण प्रिय होते, मराठी माणसाला मारुती. पण तिला जन्मदाखल्याच्या जागी बसवू नये. दोन देशांत सारखी कथा सापडली, म्हणून एकाने दुसऱ्याची चोरली असे होत नाही. हरलेल्या माणसाला झाडावरचा प्राणी दिसणे, ही गोष्ट कुठेही सुचू शकते. घाटाखाली राहणाऱ्याला तर ती रोज सुचावी.

२४/
शिळफाट्यावरच्या त्या घरात, काही दिवसांनी, नातवाने वही उघडून आजोबांना विचारले, "तुमच्या वस्तादांचं नाव काय होतं?"
आजोबा बराच वेळ विचार करीत राहिले. "आम्ही वस्तादच म्हणायचो रे. सगळा गाव वस्तादच म्हणायचा." पाळण्यातले नाव त्यांना आठवेना. मग त्यांनी जत्रेतल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. त्यालाही आठवेना, त्याने आणखी एकाचा नंबर दिला.
तिसऱ्या फोनवर नाव मिळाले. नातवाने ते वहीत लिहिले. त्याखाली, आजोबा सांगत गेले तसे, वस्तादांनी शिकवलेले डाव लिहिले: ढाक, कलाजंग, धोबीपछाड, मोळी. पत्र्यावर वानरे धडधडत गेली. दोघांपैकी कोणीही वर पाहिले नाही.

२५/
ज्यांच्या घरात, आळीत, गावात कधीकाळी तालीम होती, त्यांनी एवढे करावे. जुन्या मल्लाला त्याच्या वस्तादाचे नाव विचारावे, वस्तादाच्या वस्तादाचे विचारावे, आणि तारखेसह लिहून ठेवावे. वाघ, वानर, क्रौंच यांच्या कथा टिकतील, त्यांना काळजी नाही. माणसांची नावे मात्र दर उन्हाळ्याला थोडी थोडी कमी होत आहेत.

(धागा समाप्त)